गवताचे फूल आणि विधवेची वेणी

शास्त्रपाठ : मत्तय ६:२८-३०, १ राजे ६:१८, २९, यशया ६१:३



आपल्या प्रभूने डोंगरावर बसून लोकांस जो उपदेश केला, त्यात त्याने दोन लहान गोष्टींकडे बोट दाखविले. एक आकाशातील पाखरे व दुसरी रानातील भूकमळे. पाखरांचा दृष्टांत अन्नाविषयी आहे. तो आपणांस लवकर समजतो, कारण पोट रिकामे असले म्हणजे मनुष्यास देवाची आठवण आपोआप होते. भूकमळांचा दृष्टांत वस्त्राविषयी आहे, आणि तो मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. चिंता करू नये, एवढाच बोध घेऊन आपण पुस्तक मिटतो. परंतु प्रभूने तेथे याहून अधिक सांगितले आहे. त्याने शलमोन राजाचे सर्व वैभव एका पारड्यात ठेविले, एक रानफूल दुसऱ्या पारड्यात ठेविले, आणि फुलाचे पारडे जड झाले असा निवाडा दिला.

हे फूल कोणते, हे ध्यानात घ्या. ते राजाच्या बागेतील नव्हे. ते गवतात उगवते आणि गवताबरोबरच उद्या भट्टीत जाते. त्या देशात सरपणाची टंचाई असे, म्हणून भाकरी भाजण्यास वाळलेले गवत जाळीत. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे घालतात, किंवा घरच्या चुलीत तुराट्या घालतात, तसाच तो प्रकार होय. म्हणजे जे उद्या चुलीत जावयाचे, त्याच्या अंगावर देवाने आज राजालाही न मिळालेले वस्त्र घातले. मनुष्य असे करीत नाही. मनुष्य नक्षी काढावयाची तर सागवानावर काढतो, दगडावर काढतो, सोन्यावर काढतो. आणि हे टिकेल काय, याचे मोल मिळेल काय, हे अगोदर विचारतो. देव एका दिवसाच्या पाकळीवर तितकेच मन लावून काम करतो. यावरून त्याचा स्वभाव दिसून येतो. तो पात्रता मोजून सौंदर्य वाटीत नाही.

आज तुमच्यापुढे मला एवढेच ठेवावयाचे आहे की, फुलाचा शृंगार ही देवाची देणगी आहे. ती कोणाच्या योग्यतेवरून दिलेली नाही. आणि म्हणून ती दुसऱ्याच्या मस्तकावरून काढून घेण्याचा अधिकार कोणाही मनुष्यास नाही. याचा विचार आपण तीन भागांत करू.

पहिला भाग : देवाच्या घरात फूल

खेड्यांतील आपल्या उपदेशक बंधूंस पुष्कळदा असा प्रश्न येतो की, ख्रिस्ती माणसाने फुलांशी संबंध ठेवावा काय? आपले वाडवडील फुले मूर्तीवर वाहत असत. तेव्हा फूल म्हटले की कित्येकांस जुनी पूजा आठवते, आणि उपासनेच्या जागी फुले नसावीत, बायकांनी वेणी घालू नये, असे त्यांस वाटते. त्यांच्या मनाची ही कोवळीक आम्ही तुच्छ मानीत नाही. तथापि पवित्र शास्त्र या बाबतीत काय म्हणते ते पाहावे.

इस्राएल लोक रानात होते, त्यांस राहावयास घर नव्हते, तेव्हाच देवाने मोशेला दीपवृक्ष करावयास सांगितले. आणि त्याच्या फांद्यांवर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या, बोंडे व फुले असावीत असे ठरवून दिले. दिवा लागावयास फुलांची गरज नसते. साध्या पणतीचाही उजेड पडतो. तरी देवाला आपल्या घरातील दिवा फुललेल्या झाडासारखा हवा होता. ते काम करण्यास त्याने बसालेल नावाच्या कारागिरास आपल्या आत्म्याने भरले. देवाने आपल्या आत्म्याने भरले असे शास्त्रात ज्यांच्याविषयी सर्वांत आधी सांगितले आहे, त्यांत हा कारागीर आहे, ही गोष्ट सुतार, सोनार व विणकर यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे शलमोनाने मंदिर बांधिले, तेव्हा भिंतींवर व दारांवर खजुरीची झाडे आणि उमललेली फुले कोरली. मंदिरापुढील दोन खांबांचे कळस भूकमळांच्या घाटाचे होते, आणि याजकांनी हातपाय धुवावे म्हणून जे मोठे पितळेचे गंगाळ केले, त्याचा काठसुद्धा फुलाच्या पाकळीसारखा वळविला होता. अहरोनाची निवड झाली ती कशावरून कळली? त्याच्या वाळलेल्या काठीला एका रात्रीत फुले आली यावरून.

तेव्हा फूल हे मूर्तीचे नव्हे; ते ज्याने केले त्याचे आहे. चोराने घराची किल्ली नेली म्हणून घर चोराचे होत नाही. आपल्या मंडळीतील थोर पुरुष रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. ख्रिस्ती झाल्याने त्यांचे फुलांवरील प्रेम आटले नाही. त्यांची 'वनवासी फूल' ही दीर्घ कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना ठाऊक आहे की रानातील एका फुलाशीही गंभीर संभाषण करता येते. प्रभूने रानफुलाकडे पाहावयास सांगितले, आणि टिळक तेथे थांबून पाहात राहिले.

दुसरा भाग : मनुष्याच्या हातात फूल

आता देवाच्या घरातून आपल्या देशाकडे वळू. देवाने जे गवतावर केले ते पाहून मनुष्याचे हात स्वस्थ बसले नाहीत. पावसाळा सरत आला म्हणजे साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन पाहावे. खाली कातळ, वर बोटभर माती. आणि तेवढ्यावर शेकडो जातींची रानफुले उठतात. सह्याद्रीतील कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वर्षांत तिला फूल येत नाही. विद्वान सांगतात की फुलाचा रंग व वास मधमाश्यांना बोलाविण्यासाठी असतो, आणि पुष्कळ झाडांत त्यावाचून बी धरत नाही. हे खरेच आहे. परंतु निर्माणकर्त्याने बी धरण्याचे साधे काम अशा रीतीने योजिले की, ते पाहून मनुष्यानेही उभे राहावे, हे देखील खरेच आहे.

असे उभे राहिलेले हात आपल्या देशात फार पूर्वीपासून आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांत सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी चितारी लोकांनी छतांवर कमळे, वेली व फळे रंगविली. डोंगराच्या पोटातील त्या अंधाऱ्या छतांवर कोणाची नजर किती वेळ जाणार होती? तरी त्यांनी हात आखडला नाही. त्याच पहिल्या लेण्यातील प्रसिद्ध आकृतीच्या हातात कमळ आहे. आपल्या तालुक्यातही दूर जावयास नको. कृष्णेच्या काठी खिद्रापूर येथे कोपेश्वराचे देवालय आहे. ते शिलाहार राजांच्या काळातले, बाराव्या शतकातले होय. तेथील स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत आणि वर वाटोळे मोकळे आकाश. काळ्या दगडावर वेलबुट्टी उठविणाऱ्या त्या पाथरवटाचे नाव कोणास ठाऊक नाही. आपण तेथे उपासना करीत नाही. तथापि त्याच्या छिन्नीला कौशल्य कोणी दिले, असे कोणी विचारले तर, ज्याने बसालेलास दिले त्यानेच दिले, याखेरीज दुसरे उत्तर मजजवळ नाही.

राजांच्या व देवळांच्या कामातून फूल खाली उतरले आणि सामान्य घरात आले. पैठणीच्या पदरावर कमळ आहे, काठावर आसावलीची फुले व वेल आहे. खणाच्या चोळीवर बुट्टी आहे. सोनाराच्या दुकानातील नावे ऐका : चाफेकळी, बकुळीहार, केवडा, गुलाबफूल. ज्या मोलकरणीस सोने परवडत नाही ती चिमूटभर रांगोळीने दारापुढे कमळ काढते, वाकळ शिवताना कोपऱ्यात ठिगळांचे फूल बसविते, आणि परसात शेवंतीचा वाफा राखते. जिला लिहिता येत नाही तिनेही मुलीचे नाव सुमन, चंपा, शेवंता किंवा कमळ ठेविले. म्हणजे फूल हा गरिबाचा दागिना आहे. शलमोनाच्या दागिन्याहून तो उंची आहे असे प्रभूनेच म्हटले आहे.

आणि फूल ही कोणाची तरी भाकरीही आहे. जयसिंगपुराजवळ कोंडिग्रे येथील माळावर आज हरितगृहे उभी आहेत, आणि त्यांत गुलाब व जरबेरा पिकतात. २०२० साली महामारीमुळे देश बंद झाला, बाजार, देवळे व लग्नमांडव ओस पडले, तेव्हा राज्यातल्या फूलशेतकऱ्यांनी उमललेली फुले तोडून बांधावर टाकिली. ज्यांनी तो ढीग पाहिला त्यांना कळले की फुलामागे माणूस उभा असतो. आता बाजारात प्लास्टिकची फुले आली आहेत. त्यांनी शेतकऱ्याचा धंदा बुडतो, म्हणून २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळात त्यांवर बंदीची मागणीही झाली. मंडळीने या बाबतीत कायद्याची वाट पाहू नये. उपासनेच्या मेजावर धूळ खाणारे प्लास्टिकचे फूल बारा महिने ठेवण्यापेक्षा बांधावरचे एक ताजे तेरड्याचे फूल ठेवावे. ते कोमेजले म्हणजे दुसरे आणावे. न कोमेजणाऱ्या फुलाला कोणी आणावे लागत नाही, म्हणून ते कोणाचे अर्पणही नसते.

येथे नटण्यामुरडण्याविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. प्रेषित पेत्र व पौल यांनी बहिणींना बाह्य शृंगाराविषयी सावध केले आहे. ते वचन पुष्कळदा वेणीवर व गजऱ्यावर लावण्यात येते. परंतु तेथील शब्द नीट पाहा. केस गुंफण्याचा डौल, सोने, मोती, मोलवान वस्त्रे, ही तेथे सांगितली आहेत. गवताचे फूल तेथे नाही. प्रेषितांचा रोख खर्चावर व गर्वावर आहे. लग्नाच्या मांडवाला फुलांची कमान हवी म्हणून जो बाप सावकाराकडे जातो, त्याला हे वचन लागू आहे. शेजारणीचा हार पाहून जिला रात्री झोप येत नाही, तिला लागू आहे. बाजारातून पाच रुपयांचा मोगरा घेऊन उपासनेस येणाऱ्या बाईला ते लागू करणे म्हणजे तिच्यावर नसलेले ओझे घालणे होय. फुलाचा शृंगार गर्वाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो संध्याकाळी सुकतो. देवाने त्यास सुकण्याची मर्यादा घातली, ही देखील आपणांवर त्याची कृपाच आहे.

तिसरा भाग : फूल कोणापासून हिरावले आहे?

प्रियहो, आतापर्यंत जे सांगितले ते ऐकून तुम्ही समाधानाने मान हालविली असेल. आता जे सांगावयाचे आहे ते कठीण आहे.

बाजारात फुलांच्या टोपल्यांशी बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या आहेत. त्यांतील कित्येक विधवा असतात. पहाटे उठून त्या कळ्या मोजतात, दोरा ओला करतात, आणि दुपारपर्यंत शंभर गजरे गुंफतात. नवरीसाठी गुंफतात, बाळंतिणीसाठी गुंफतात, शाळेच्या समारंभासाठी गुंफतात. परंतु त्या शंभरांतला एकही गजरा त्यांच्या केसांत दिसत नाही. जिच्या हाताने गाव नटते, तिने स्वतः एक कळी माळली तर तेच गाव तिजकडे वाकडे पाहते. ती काय उद्या भट्टीत जाणाऱ्या गवताहून हलकी आहे? ज्या देवाने गवताला नेसविले, त्याने हिला उघडी ठेविली काय? देवाने ठेविली नाही, आपण ठेविली.

खेड्यात पुरुष मरण पावला म्हणजे काय होते ते तुम्ही जाणता. त्या बाईच्या दुःखाला अजून वाचा फुटली नसते, तोच बायका तिला घेरतात. कोणी बांगड्या फोडते, कोणी जोडवी काढते, कोणी केसांतले फूल ओढून टाकते. एका दिवसात ती पत्नीची विधवा होते आणि त्याच दिवशी माणसाची अपशकून होते. पुढे तिच्याच मुलाचे लग्न ठरले तर जिने त्याला नऊ महिने पोटात वागविले, ती मांडवाच्या खांबाआड उभी राहते, आणि हळद दुसरी लावते. ज्या ख्रिस्ती घरांत हे घडत नाही त्या घरांबद्दल देवाची स्तुति असो. परंतु ज्या घरांत कबरेपाशी पुनरुत्थानाचे गीत गाऊन लोक परत आले आणि दाराशी येताच बांगड्या फुटल्या, त्या घरांनी आपण कोणते शुभवर्तमान मानतो हे स्वतःस विचारावे.

या देशात या अन्यायाविरुद्ध जे उठले त्यांची आठवण करणे योग्य आहे. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ नाव गोऱ्हे. त्यांचे वडीलधारे पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवीत, म्हणून फुले हे नाव पडले. वाड्यातील शृंगारासाठी फुले पोचविणाऱ्या घरातील या मुलाने स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले, आणि १८६३ साली पुण्यात त्यांनी व सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी व त्यांच्या मुलांच्या रक्षणासाठी आपल्या घराचे दार उघडले. पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेऊन आपला केला. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या. पुढील वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढिले. त्या सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या वडिलांच्या नावाने हे जयसिंगपूर वसविले, सरळ रेघेत गल्ल्या आखून दिल्या. आणि त्याच साली कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा केला. म्हणजे आपले गाव आणि तो कायदा एका वयाचे आहेत. गल्ल्या सरळ राहिल्या. मने अद्याप वाकडी आहेत.

आणि हे सर्व जुने झाले असे कोणी समजू नये. आपल्याच शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तेथील ग्रामसभेने ठराव केला की, पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, या प्रथा आमच्या गावात बंद. शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षे पुरी होण्यास तेव्हा दोन दिवस उरले होते. नुकत्याच गेलेल्या महामारीत कितीतरी तरुण स्त्रिया विधवा झाल्या होत्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. तालुक्यातील एका खेड्याने दिवा लाविला आणि राज्याने तो पाहिला.

आमच्यातील कोणी म्हणेल, "आम्ही कुंकू लावीत नाही; तो ठराव आम्हांस काय?" बंधूंनो, कुंकू नसेल, पण बांगड्या आहेत, मंगळसूत्र आहे, केसांतले फूल आहे, आणि सर्वांहून मोठे म्हणजे मांडवातील तिची जागा आहे. ज्या गोष्टीत शेजारचे गाव प्रकाशात चालले, त्या गोष्टीत प्रकाशाची लेकरे म्हणविणाऱ्यांनी अंधारात बसून राहावे काय?

दुसरा कोणी म्हणेल, "विधवेने साधे राहावे हेच शोभते." यावर शास्त्र पाहा. नामी ही विधवा. रूथ ही विधवा. सासूने सुनेस काय सांगितले? स्नान कर, तेल लाव, चांगले वस्त्र नेस. सुनेचे दुःख हिने स्वतः भोगिले होते, म्हणूनच तिला ठाऊक होते की सुनेला राखेत बसवून ठेवणे म्हणजे निष्ठा नव्हे. यापो नगरात तबीथा मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवून दिलेली वस्त्रे त्यांनी पेत्रास दाखविली. त्या बाईने विधवांना नेसविले, आणि देवाने तिला मरणातून उठविले. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात अभिषिक्ताचे काम सांगितले आहे : शोक करणाऱ्यांच्या मस्तकावरील राख काढून तेथे शोभेचे भूषण घालावयाचे. तोच अध्याय प्रभूने नासरेथात उभे राहून वाचला आणि हे आज पूर्ण होत आहे असे म्हटले. राखेच्या जागी शिरोभूषण ठेवणे हे ख्रिस्ताचे काम. शिरोभूषणाच्या जागी राख ठेवणे हे कोणाचे काम, ते मी सांगावयास नको.

तिसरा कोणी भीतीने म्हणेल, "लोक काय म्हणतील?" लोक पहिल्या आठवड्यात बोलतील, दुसऱ्या आठवड्यात पाहतील, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातील एखादी विधवा आपल्या दारी येऊन विचारील, हे तुमच्यात कसे चालते? आजवर आपण जी पुष्कळ प्रवचने केली त्यांहून त्या प्रश्नाला अधिक लोक ऐकतील.

उपदेशक बंधूंस काही सूचना

मंडळीत कोणी भाऊ मरण पावला तर प्रेत उचलण्यापूर्वी त्या घरातील वडील बायकांशी शांतपणे बोलावे, आणि विधवेच्या हातास व केसांस कोणी हात लावणार नाही असे त्यांच्याकडून वचन घ्यावे. बांगडी फुटल्यावर केलेल्या दहा उपदेशांपेक्षा फुटण्यापूर्वीचा एक शब्द बरा. शक्य असल्यास या कामी उपदेशकाच्या पत्नीने पुढे व्हावे.

लग्नात वर किंवा वधूची आई विधवा असेल तर तिचे स्थान पुढील बाकावर असावे. हळद प्रथम तिनेच लावावी, आणि फुलाचा पहिला गुच्छ तिच्या हाती द्यावा. पाळकाने हे सर्वांदेखत करावे, म्हणजे कोणास कुजबुजण्यास जागा राहणार नाही.

दर रविवारी उपासनेच्या मेजावर फुले ठेवण्याचे काम पाळीपाळीने बहिणींस वाटून द्यावे, आणि त्या यादीत विधवांची नावे अवश्य असावीत. ज्या हातांना अशुभ म्हणतात, त्यांनी आणिलेली फुले देवापुढे ठेविलेली मंडळीने आठवड्यामागून आठवडे पाहावी. डोळ्यांनी शिकलेला धडा लवकर विसरत नाही.

मात्र कोणावर बळजबरी करू नये. शोकाला त्याचा काळ असतो. एखादी बहीण पतीच्या आठवणीने म्हणेल, "मला आता फूल नको." तिचा तो निर्णय तिचा आहे, त्याचा मान राखावा. आम्ही जो जुलूम मोडू इच्छितो, त्याच्या जागी दुसरा जुलूम बसवू नये. दार उघडे ठेवणे आपले काम. आत केव्हा यावे हे तिने ठरवावे. आणि ती एखाद्या सकाळी शेवंतीचे एक फूल माळून उपासनेस आली, तर कोणी वळून पाहू नये, कोणी हसू नये, कोणी फार कौतुकही करू नये. शेजारच्या बाईने थोडे सरकून तिला जागा करून द्यावी. तेवढे पुरे.

शेवट

कोणी विचारील की, जे फूल संध्याकाळी सुकणार त्यासाठी मंडळीने एवढा वाद का ओढवून घ्यावा? शास्त्रही म्हणते की मनुष्य गवतासारखा आहे आणि त्याची शोभा गवताच्या फुलासारखी कोमेजते. होय, कोमेजते. पती कोमेजला, तशी पत्नीही एके दिवशी कोमेजेल, आणि तिच्या बांगड्या फोडणाऱ्याही कोमेजतील. परंतु प्रभूने गवताचे फूल पाहिले तेव्हा, उद्या हे जळणार आहे म्हणून आज याला शोभा नको, असे म्हटले नाही. उद्या जळणारे आहे हे जाणूनच पित्याने त्याला आज नटविले, असे त्याने सांगितले. जीवन थोडे आहे, हेच त्यास प्रीतीने वागविण्याचे कारण आहे.

आणि मंडळीला याहूनही अधिक ठाऊक आहे. ज्या ठिकाणी प्रभूस वधस्तंभी दिले तेथे एक बाग होती, आणि त्या बागेतच त्याची कबर होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे एक स्त्री तेथे रडत उभी होती; आणि जो तिजशी बोलला तो तिला माळी वाटला. मरण जिंकलेल्या प्रभूने शोक करणाऱ्या स्त्रीस तिच्या नावाने हाक मारली, आणि आपल्या शिष्यांकडे सर्वांत पहिला निरोप तिच्याच हाती पाठविला. त्याने तिला खांबाआड उभे केले नाही.

प्रार्थना : हे पित्या, तू गवताला नेसवितोस आणि विधवांचा कैवारी म्हणवितोस. ज्यांच्या मस्तकावरील फूल आमच्या गावांनी, आमच्या घरांनी काढून घेतले, त्यांचा मान त्यांस परत देण्याचे धैर्य आम्हांस दे. आमची लग्ने, आमची मरणे व आमच्या उपासना तुझ्या प्रीतीस शोभतील अशा कर. ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.